हौद वाचता आला पाहिजे

भाच्याने गेल्या वर्षी गणपतीत घरी आल्यावर विषय काढला, मामा मला एक सेकंडहँड पिकअप बघून द्या. त्याचं कराडच्या पुढं शिमला मिरचीचं पॉलीहाऊस आहे, माल आठवड्यातनं तीनदा पुण्याला मार्केट यार्डात जातो, भाव बरा असला तर वाशीला, आणि प्रत्येक खेपेला भाड्याची गाडी. सीझनला गाडीवाला वेळेवर येत नाही, आला तर वाटेत दुसऱ्याचा माल भरतो, गाडी पोचेपर्यंत चांगलं गिऱ्हाईक खरेदी उरकून गेलेलं असतं. नव्या गाडीचा हप्ता काढून बघितला, तो झेपणारा नव्हता. मी हो म्हणलो, आणि मग दसऱ्यापासनं पुढचे दोन-अडीच महिने दर रविवारी आम्ही दोघं मोटरसायकलवर गाड्या बघत फिरलो. कराड, सातारा, इस्लामपूर, विटा, एकदा पार चिपळूणकडं. १७ गाड्या बघितल्या, एक घेतली. त्या १६ न घेतलेल्या गाड्यांनी जे शिकवलं ते लिहून ठेवावं असं मनात होतं, कारण गावाकडं रोज कोणीतरी पोरगं कर्ज काढून अशी गाडी घेतंय आणि त्यातली बरीच पोरं फक्त रंग आणि टायर बघून विसार देऊन मोकळी होतात. ते बघून खरंच जीव तुटतो.

माझे वडील, आप्पा, यांनी २६ वर्षं ड्रायव्हरकी केली, त्यातली शेवटची ११ वर्षं स्वतःच्या टाटा ४०७ टेम्पोवर. ते कुठलीही जुनी गाडी बघायला गेले की मालकाला रामराम घालायच्या आधी बॉनेटवर पालथा हात ठेवायचे. बॉनेट गरम लागलं की म्हणायचे, चहा पिऊन जाऊ, गाडी उद्या सकाळी बघू. लहानपणी मला ते कळायचं नाही. आता कळतं की डिझेल इंजिनाचं खरं दुखणं सकाळच्या पहिल्या स्टार्टला दिसतं, रात्रभर गार पडलेली गाडी अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाली तर बॅटरी, हीटर प्लग, नोझल, कॉम्प्रेशन या सगळ्यांची एकाच वेळी हजेरी लागते. गरम इंजिन काय, मेलेलं असलं तरी चालू होतं. म्हणून फोनवर पत्ता घेतानाच सांगून ठेवायचं की आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका, आणि तरीही गेल्यावर हात ठेवायचाच.

चालू झाली की एकाने मागं सायलेन्सरपाशी उभं राहायचं. थंडीत पहिलं मिनिटभर पांढरी वाफ येते, ती विरून गेली तर काही नाही, पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट आत जळतंय, हेड गॅस्केटचं काम आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर रेस केल्यावर थोडा चालतो, भकाभका आला तर नोझल, एअर फिल्टर नाहीतर टर्बोकडं बघायला लागतं. मग इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण काढून बघा. हलकी वाफ असतेच, पण कुकरच्या शिट्टीसारखा फुफ्फ फुफ्फ धूर वर यायला लागला तर त्याला आमच्याकडं मिस्त्री लोकं बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलायला लागणार. बघितलेल्या १७ पैकी ४ गाड्या इथंच बाद झाल्या, आणि त्या चारींचा रंग आरशासारखा होता.

पण इंजिनापेक्षाही मी भाच्याला पहिल्या दिवसापासनं एकच गोष्ट सांगत होतो, आधी मागं जा, फाळका, म्हणजे मागची पाडायची फळी, पाड आणि हौद, म्हणजे माल भरायचा मागचा भाग, वाच. कारमध्ये मागचा मालक कसा होता ते सीटवरनं, पॅडलच्या रबरावरनं, गिअरच्या मुठीवरनं कळतं. मालाच्या गाडीत ते हौदावर लिहिलेलं असतं. गाडीने आजवर काय वाहिलं यावरच तिचं पुढचं आयुष्य ठरलेलं असतं, आणि विकणारा माणूस इंजिन धुतो, केबिन पुसतो, टायरला काळं पॉलिश लावतो, पण हौदाच्या कोपऱ्यात कोणी हात घालत नाही.

वाळूची गाडी ओळखायची तर पत्र्याच्या सांध्यात बोट घाला, बारीक वाळू बोटाला लागतेच, कितीही धुतलेली असली तरी. ओली वाळू म्हणजे वजन, आणि वाळूची खेप कोणी पासिंगच्या वजनात करत नाही. अशा गाडीचे मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बघा, रिकाम्या गाडीलाही ते सरळ झालेले दिसतात, कमान राहिलेली नसते, किंवा एखाद-दुसरा जादा पाटा टाकलेला असतो. जादा पाटा दिसला की समजायचं, या गाडीने आयुष्यभर ओव्हरलोड ओढलाय, म्हणजे क्लच, हाउसिंग, हबचे बेअरिंग, चेसी सगळ्यांनी ते सोसलंय. वीटभट्टीची गाडी असेल तर सांध्यात लाल भुकटी आणि हौदाच्या आतल्या कडा ठेचलेल्या. कोंबड्यांच्या गाडीत पिंजऱ्यांचे चौकोनी डाग असतात आणि विष्ठेने पत्रा आतनं खाल्लेला असतो. बेकरीची किंवा कुरिअरची गाडी वजनाने हलकी राहिलेली असते, पण शंभर ठिकाणी थांबत थांबत फिरलेली असल्याने क्लच आणि ब्रेक नीट तपासायचे. आणि दुधाची गाडी असेल तर, माझं मत विचाराल तर, तिला पहिली पसंती द्या. पत्र्यावर कॅनच्या बुडाचे गोल गोल वळ असतात, एकावर एक, शेकडो. दुधाची गाडी किलोमीटरने भरपूर पळालेली असते हे खरंय, पण रोज तोच रस्ता, तोच ड्रायव्हर, ठरलेलं वजन, आणि दूध थांबून चालत नाही म्हणून मालकाला मेंटेनन्स टाळताच येत नाही. दोन लाख किलोमीटर पळालेली दुधाची गाडी मी ऐंशी हजार पळालेल्या वाळूच्या गाडीआधी घेईन, आणि हे मी अगदी मनापासनं सांगतोय.

चिपळूणकडची जी गाडी बघायला गेलो ती फोटोत इतकी सुंदर होती की भाचा आदल्या रात्री झोपला नसावा. बाकीच्यांपेक्षा ऐंशी हजाराने स्वस्त, सिंगल ओनर, टायर नवे. कुंभार्ली घाट उतरून गेलो. इंजिन खरंच चांगलं होतं, गार स्टार्ट एका सेल्फला. मग मी फाळका पाडला. फाळक्याच्या बिजागऱ्या अर्ध्या राहिल्या होत्या, म्हणजे झिजलेल्या नव्हे, खाल्लेल्या, कडेने पापुद्रे सुटलेल्या. मासळीची गाडी. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौदातनं खाली गळत राहतं ते थेट चेसीच्या आडव्या मेंबरवर. मी पोतं टाकून गाडीखाली गेलो, खिशातला स्क्रू ड्रायव्हर आडव्या मेंबरला नुसता टेकवून दाबला तर काळ्या रंगाचा पापुद्रा भाकरीसारखा फुगून सुटला आणि टोक आत गेलं. वरनं ताजा अंडरकोट मारलेला होता. भाच्याला खाली बोलावून त्याच्याच हाताने दाबायला लावलं, कारण मी नुसतं नको म्हणलो असतो तर त्याच्या मनात ती गाडी कायम राहिली असती. येताना घाट चढेपर्यंत तो काही बोलला नाही, वर आल्यावर म्हणला, मामा, गंज असा पण असतो होय. समुद्राच्या कडेच्या गाड्या वाईटच असतात असं माझं म्हणणं नाही, मासळीची नसलेली, दर पावसाळ्यानंतर खालनं गोड्या पाण्याने धुतलेली गाडी टिकते, पण पासिंगचा नंबर रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडचा दिसला तर खाली झोपल्याशिवाय पैशाचं बोलायचं नाही.

चेसीबद्दल आणखी एक. मालाच्या गाडीत चेसीला मारलेली वेल्डिंगची पट्टी दिसली तर तिथनंच परत फिरा. विट्याकडच्या एका गाडीला डाव्या बाजूला हातभर लांबीची पट्टी होती, मालक म्हणाला मजबुतीसाठी मारून घेतली. मजबुतीसाठी कोणी एकाच बाजूला मारत नाही, आत चीर गेलेली असते.

कार घेणाऱ्यांना यातलं सगळं लागू नाही, पण वाचायची पद्धत तीच. दरवाजाचं रबर, ज्याला बीडिंग म्हणतात, ते हाताने ओढून काढा, खाली पिलरवर कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसतात. ठिपके गायब आणि गुळगुळीत रंग असेल तर पिलरला काम झालंय. बॉनेट आणि मडगार्डच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय. फ्रीजला लावायचं छोटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, जाड भरलेली असेल तिथं ते धरत नाही. सगळ्या काचांवर कंपनीची खूण आणि वर्षाचा आकडा असतो, एकच काच वेगळी असेल तर ती का बदलली ते विचारा. टायरवर चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी नवी दिसते म्हणून टायर नवा होत नाही, सात-आठ वर्षांचा टायर उन्हात उभा राहूनच कडक झालेला असतो. आणि मीटरवर विश्वास ठेवायचा नाही, ते मागं फिरवणं आता लॅपटॉपवर होतं. गाडी ४० हजार पळालीय म्हणतात आणि क्लच पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगची वरची बाजू चकाकतेय, ड्रायव्हर सीटची कड बसलीय, तर तो हिशोब जुळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन सर्व्हिसची नोंद काढता येते, मालक बरोबर असेल तर ते देतात, आणि मालक बरोबर यायला तयार नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

हे सगळं मी असं ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः यात होरपळलोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, आठवडाभर गाड्या पाण्यात होत्या. २०२० च्या फेब्रुवारीत मी पुण्यात एका विक्रेत्याकडनं डिझेल हॅचबॅक घेतली. कागद स्वच्छ, रंग स्वच्छ, आत परफ्यूम मारलेला. इंजिनाला अर्धा तास दिला मी, आतल्या गाद्यांना दोन मिनिटं सुद्धा दिली नाहीत. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, गाडी उभी राहिली, आणि जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर दार उघडलं तर आत विहिरीसारखा वास. मग एकेक सुरू झालं, पॉवर विंडो आपोआप खाली जायची, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा, एक दिवस मुलीला दवाखान्यात नेताना गाडी रस्त्यातच बंद पडली. वायरिंगवाल्याने काही न बोलता ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरून शेवटपर्यंत ओढला. आपण बेल्ट कधीच पूर्ण ओढत नाही. शेवटचा हातभर पट्टा तपकिरी होता, आणि त्या तपकिरी भागाच्या कडेला वाळलेल्या गाळाची एक सरळ रेघ. मग कार्पेट उचललं, सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेले, वायरच्या सॉकेटमध्ये हिरवी बुरशी चढल्यासारखं तांब्याचं किटण. सगळं वायरिंग बदलायला ७० हजार गेले आणि तरी ती गाडी कधी पूर्ण बरी झाली नाही. ती विकताना मी घेणाऱ्याला सगळं सांगितलं, किंमत पडली, पण मला ते ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं नव्हतं.

पुराच्या गाड्या इन्शुरन्सवाले टोटल लॉसमध्ये घेतात आणि लिलावात काढतात, तिथवर सगळं कायदेशीर असतं, पुढं कोणीतरी त्या धुऊन पुसून लांबच्या शहरात चांगल्या म्हणून विकतो. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला पाणी भरलं, तेव्हाही किती गाड्या बुडाल्या ते आपण टीव्हीवर बघितलंय. त्या सगळ्याच काही भंगारात गेल्या नसणार. म्हणून कार बघताना पाचही बेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा, कार्पेटचा कोपरा उचलून हात घाला, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता कागद. माझ्या घरात कागद हा विषय निघाला की आई अजून गप्प होते. आप्पांनी २००९ मध्ये आपली ४०७ विकली. घेणारा ओळखीतला, १०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केली, पैसे घेतले, फोटो काढला, गाडी गेली. नाव करून घेतो म्हणाला आणि केलं नाही. तीन वर्षांनी कोर्टाचं समन्स आप्पांच्या नावाने आलं, त्या गाडीने एका मोटरसायकलवाल्याला उडवलं होतं, माणूस गेला होता, इन्शुरन्स संपलेला होता, आणि आरसीवर मालक म्हणून आप्पांचंच नाव. आप्पा नोटरीचा कागद छातीशी धरून चार वर्षं तारखांना गेले. त्या कागदाने ते वाचले नाहीत. मयताच्या बायकोला भरपाई मिळायला पाहिजे होती यात आप्पांनाही शंका नव्हती, ते म्हणायचे तिचं काय चुकलं, पण पैसे भरायला आईच्या पाटल्या मोडायला लागल्या. पुढं २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात हेच अगदी स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी कितीही हातांतनं गेलेली असो. तेव्हा विकणाऱ्याला सांगतो, नाव ट्रान्सफर ही घेणाऱ्याची गरज नाही, तुमची आहे. एकाच राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं ही कायद्याने विकणाऱ्याची जबाबदारी आहे, फॉर्म २९ त्यासाठीच असतो, आणि घेणाऱ्याचा फॉर्म ३०, त्याला ३० दिवस. एजंटला पैसे दिले म्हणजे काम झालं असं समजायचं नाही, नवीन आरसी डोळ्यांनी बघेपर्यंत पाठ सोडायची नाही.

घेताना काय बघायचं तर सरकारच्या ‘वाहन’ नावाच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आधी सगळं वाचून घ्या, कितवा मालक, कर कुठवर भरलाय, इन्शुरन्स, पीयूसी, फिटनेस. ई-चलन वेगळं बघा, विट्याच्याच दुसऱ्या एका गाडीवर २३ हजारांची चलनं होती. कर्ज असेल तर आरसीवर एचपी, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या बोजाची नोंद, चढवलेली असते, कर्ज फेडलं तरी ती आपोआप उतरत नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन उतरवायला लागते, ती उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर तिथली एनओसी लागते का ते आधी विचारून घ्या. २०१९ च्या एप्रिलच्या आधीची गाडी असेल तर नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा. मालाच्या गाडीला ८ वर्षांपर्यंत फिटनेस दर २ वर्षांनी असतं, पुढं दरवर्षी, तो खर्च किमतीत धरूनच बोलायचं. आरसीवर भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं, आणि हा फरक बऱ्याच पोरांना नाक्यावर अडवल्यावर कळतो. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. थर्ड पार्टी गाडीबरोबर येते, पण नाव न बदलता तुमच्याच गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडकतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही.

शेवटी जी घेतली ती २०१८ ची, बीएस-४ म्हणजे धुराच्या जुन्या नियमातली, साताऱ्याजवळच्या दूध संकलनावर चालणारी. कॅनचे वळ बघूनच माझा जीव थोडा निवांत झाला. बीएस-६ का नाही असं भाच्याने विचारलं होतं. २०२० च्या एप्रिलनंतरच्या, म्हणजे बीएस-६ च्या, बहुतेक डिझेल गाड्यांना सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ, तो साफ राहायला गाडी मधनं मधनं हायवेला सलग पळायला लागते, गावातल्या गावात फिरणाऱ्या जुन्या बीएस-६ मध्ये तो चोंदलेला असू शकतो आणि बदलायचा खर्च मोठा आहे. भाच्याची गाडी पुण्याला जाणारी म्हणजे त्याला बीएस-६ चाललीही असती, पण आधीच्या मालकाने ती कशी फिरवली ते कळायला मार्ग नव्हता आणि बजेटही नव्हतं. मालकाने ६ लाख ४० सांगितले, ५ लाख ७५ ला ठरलं. गाडीची डायरी होती त्याच्याकडं, दुकानात वाण्याची असते तसली लाल, ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला, कोणत्या गॅरेजला, सगळं त्याच्या बायकोच्या अक्षरात. मी घासाघीस तिथंच थांबवली.

ट्रान्सफरच्या कागदावर चेसी नंबरचा छाप लागतो. भाच्याने स्वतः घेतला तो. पुढच्या चाकाच्या आत, चेसीवर जिथं नंबर ठोकलेला असतो तिथली माती आधी डिझेलच्या चिंधीने पुसली, वर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी धरून घासत गेला. एकेक अक्षर कागदावर पांढरं उमटत आलं. मी बाजूला आरसी धरून मोठ्याने वाचत होतो आणि तो कागदावर बोट ठेवून हं, हं म्हणत होता. सतराच्या सतरा जुळले. आप्पा पण असाच छाप घ्यायचे, मी आरसी धरायचो.

घेतल्यावर मी त्याला गाडी लगेच मालाला लावू दिली नाही. पहिल्यांदा ६० हजार बाजूला काढून ठेवायला लावले होते, ते असतील तरच गाडी घ्यायची ही माझी अटच होती. जुन्या मालकाची डायरी कितीही चांगली असली तरी आपला हिशोब शून्यापासनं सुरू करायचा. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हाउसिंगचं ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, फॅन बेल्ट हे सगळं एकदम. ज्या इंजिनाला टायमिंग चेन नसून बेल्ट आहे त्याचा बेल्ट तर हमखास बदलायचा, तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन धडकतात आणि थोडे पैसे वाचवायच्या नादात इंजिन जातं. डिझेल फिल्टरच्या बुडाशी साठलेलं पाणी सोडायला शिकवलं. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी ओतायचं नाही हे दहा वेळा सांगितलं, आमच्याकडचं पाणी इतकं जड आहे की रेडिएटरमध्ये किटलीसारखा थर बसतो. पुढच्या चाकांच्या हबचं जुनं ग्रीस काढून नवं भरलं. सगळं मिळून ५४ हजार गेले. ऑइल बदलायच्या तारखा त्याच लाल डायरीत पुढच्या पानावर लिहायला सांगितलं.

ग्रीसिंग मात्र त्याने रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरला करून घेतलं, आणि तिथं माझी नजर कमी पडली. फेब्रुवारीत एका पहाटे साडेतीनला फोन. मामा, खंबाटकीच्या अलीकडं आहे, गाडीखालनं चिमणी ओरडल्यासारखा आवाज येतोय. मी उठून बसलो. स्पीड वाढवला की वाढतोय का? हो. क्लच दाबून न्यूट्रल केलं तर थांबतोय का? नाही, गाडी पळते तोवर येतो. गिअर टाकून सोडताना खालनं टक् होतं का? त्याने फोन तसाच चालू ठेवून गाडी कडेला घेतली, परत उचलली, आणि मला इथं घरात ऐकू आलं, टक्. म्हणलं, मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस आहे, घाट चढू नको, पहिला ढाबा दिसेल तिथं लाव, उजेड झाल्यावर मिस्त्री बघ. प्रोपेलर शाफ्ट भर घाटात भरलेल्या गाडीखाली सुटला तर काय होतं ते आप्पांच्या एका मित्राचं मी ऐकलेलं होतं, ते त्याला तेव्हा सांगितलं नाही.

मिरची त्या दिवशी उशिरा पोचली, क्रेटमागं भाव कमी मिळाला. मिस्त्रीने क्रॉस खोलून त्याच्या तळहातावर ठेवला आणि भाच्याने त्याचा फोटो मला पाठवला. चारपैकी तीन कपांत पिवळं ग्रीस भरलेलं होतं. चौथ्या कपात सुईएवढ्या बारीक रोलरच्या जागी नुसती तांबडी भुकटी, कुंकवासारखी. त्या एका बाजूला ग्रीस पोचलेलंच नव्हतं. वॉशिंग सेंटरवाला पोरगा हात पोचेल तेवढ्याच निपलला, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाला, तेही वरवर, गन लावतो आणि गाडी सोडतो. ग्रीस मारताना चारी कपांच्या कडेनं जुनं काळं ग्रीस बाहेर येताना दिसलं पाहिजे, तोवर गन दाबत राहायची, कुठनंच नाही आलं तर निपल चोंदलाय, काढून बदलायचा. वीस-तीस रुपयांचा असतो तो.

परवा रविवारी भाचा पोतं टाकून स्वतः गाडीखाली झोपला, बॅटरीच्या उजेडात पुढनं मागं एकेक निपल शोधून त्याला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, आणि लाल डायरीच्या पहिल्या पानावर आकडा लिहून मला फोटो टाकला. अकरा. खाली लिहिलं होतं, मामा, अजून एखादा राहिलाय का बघायला येताय का.